खऱ्या नागपुरात एक अशक्य गोष्ट: थर रचून फोटो करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरची बहुतेक उत्तरं एकाच उदाहरणाभोवती फिरतात: तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, चाकांवरचा लाकडी बैल कस्तुरचंद पार्कच्या मैदानात २० मीटर उंच उभा आहे, असा फोटो. बैल घरात असतो, मैदान शहराच्या मधोमध आहे, आणि या एका फोटोत मापं, ऊन, सावली, कटिंग आणि धूळ हे सगळे प्रश्न एकदम अंगावर येतात. तलाव आणि चंद्र यांच्या भानगडी वेगळ्या आहेत, त्या पुढे घेतल्या आहेत.

अशा फोटोत खरं किती आणि खोटं किती ठेवायचं?

खोटी गोष्ट एकच ठेवा. बैल २० मीटरचा आहे, एवढंच खोटं. ऊन, सावलीची दिशा, क्षितिज, हवेतली धूळ, मैदानात फिरणारी माणसं हे सगळं खरं. बघणारा एक अशक्य गोष्ट आनंदानं मान्य करतो. पण बैल अवाढव्य, आकाश भलत्याच देशातलं, त्यात ताटाएवढा चंद्र आणि वरून उडते मासे असं केलं की त्याचं लक्ष बैलावरून उडतं आणि कुठे काय चिकटवलंय ते शोधण्यात जातं. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. मारबत आणि बडग्यांच्या मिरवणुकीत पुतळा प्रचंड असतो, गल्ली मात्र रोजचीच असते, म्हणूनच तो अंगावर येतो.

ही कल्पना फोटोशॉपमुळे आली का?

नाही. ऑस्कर रेजलँडरनं १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच मोठं चित्र छापलं होतं. हेन्री पीच रॉबिन्सननं १८५८ मध्ये पाच निगेटिव्हमधून एक प्रसंग उभा केला. त्याच दशकात गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राची आणि आकाशाची निगेटिव्ह वेगळी घेऊन एका कागदावर छापत होता, कारण तेव्हाच्या काचेवर दोन्ही एकदम नीट उमटत नसत. फोटोशॉपमध्ये थर आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. आपल्याकडे जत्रेतल्या स्टुडिओत रंगवलेल्या विमानात बसून फोटो काढायची हौस होतीच. फरक एवढाच की तिथे विमान खोटं आहे हे लपवायची कुणाला गरज वाटत नव्हती.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? फोनवर जमेल का?

तीन गोष्टी हव्यात: वेगवेगळे राहणारे थर, लेयर मास्क (थराचा भाग न पुसता झाकणारा पडदा) आणि ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते ठरवणारी सोय). फोटोशॉप आणि अ‍ॅफिनिटीत त्या आहेत, गिंप आणि क्रिटा या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आहेत. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडतं, त्यामुळे ज्याच्याकडे काहीच बसवलेलं नाही त्यानं तिथूनच सुरुवात करावी.

फोनवर स्नॅपसीडचं डबल एक्स्पोजर गमतीपुरतं ठीक आहे. त्यात एका वेळी एकच फोटो वर बसतो आणि नंतर थर वेगळे काढता येत नाहीत. आयबिस पेंटमध्ये खरे थर मिळतात. तरीही बोटानं केसांचं कटिंग करणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा आहे. फोटो फोननं काढा, जोडकाम मोठ्या पडद्यावर करा.

आणि इरेजर विसरा. इरेजरनं पुसलेलं गेलं ते गेलं. मास्कवर काळा रंग लावला की तो भाग झाकला जातो, पांढरा लावला की परत दिसतो, करडा लावला की अर्धवट दिसतो. शेवटच्या दिवशी बैलाचं शिंग परत हवं झालं तर मास्क असणाऱ्याचं काम मिनिटभराचं असतं.

कॉम्प्युटर किती ताकदीचा लागतो?

हिशेब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल. पूर्ण भरलेला एक थर ८ बिटमध्ये ७२ एमबी, १६ बिटमध्ये १४४ एमबी जागा खातो. असे बारा थर १६ बिटमध्ये ठेवले की पावणेदोन जीबी नुसते थरांचेच झाले, हिस्ट्री वेगळी. म्हणून १६ जीबी रॅम असेल तर निवांत काम होतं. ८ जीबी असेल तर मांडणी ३००० पिक्सेल रुंदीच्या कच्च्या फाइलवर ठरवून घ्या, पटली की मोठ्यावर करा. पीएसडी फाइल २ जीबीच्या पुढे सेव्ह होत नाही; तिथे पीएसबी हा प्रकार निवडावा लागतो, आणि हे नेमकं काम संपत आल्यावर कळतं.

पावसाळ्यात लाइट कधीही जाते. ऑटो रिकव्हरीची वेळ ५ मिनिटांवर ठेवा. मे महिन्यात दुपारी कूलरच्या खोलीतसुद्धा लॅपटॉप तापून संथ होतो. जड कामं सकाळी उरका.

मैदानातला मूळ फोटो कसा काढायचा?

या फोटोवर पुढचं सगळं उभं राहणार आहे, म्हणून यात आळस नको. फुल फ्रेमच्या हिशेबानं ५० मिमीच्या आसपासची लेन्स, एफ/८, आयएसओ १००, एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का, फाइल रॉ (कॅमेऱ्यानं स्वतः काही न बदललेली). कॅमेरा ट्रायपॉडवर जमिनीपासून बरोबर १५० सेमीवर ठेवा आणि उंची टेपनं मोजून लिहून ठेवा. ही उंची पुढे फार कामाला येते.

फोन असेल तर २एक्स वापरा, कारण नेहमीच्या वाइड लेन्सनं कडेच्या वस्तू ताणल्या जातात. प्रो मोडमध्ये रॉ घ्या आणि एचडीआर बंद ठेवा. एचडीआर चालू असताना फोन अनेक फ्रेम मिसळून प्रत्येक सावली आपल्या मनानं उजळतो, मग बैलाची सावली कशाशी जुळवायची तेच कळत नाही.

त्याच जागेवरून, ट्रायपॉड न हलवता, आणखी काही फ्रेम घ्या: मैदान रिकामं असतानाची एक, माणसं असतानाच्या काही, आणि बैल जिथे उभा करायचाय तिथे एक मीटरची काठी रोवून एक. त्या काठीच्या सावलीची लांबी आणि दिशा म्हणजे तुमची उन्हाची पावती. जवळचा दिव्याचा खांब, झाडाची फांदी हेही फ्रेममध्ये येऊ द्या. बैलाच्या पुढे असं काहीतरी आडवं आलं की तो जागेवर बसतो.

मित्राला वर बघायला उभं करणार असाल तर मान किती वर हेही मोजून सांगा. ८० मीटरवरच्या २० मीटर उंच बैलाचं डोकं नजरेच्या पातळीपासून जेमतेम १३ अंश वर असतं. बहुतेक जण मान मोडेस्तोवर वर बघतात आणि मग ते विमान बघत असल्यासारखे दिसतात.

मेट्रो स्टेशन आणि रेल्वे स्थानकावर ट्रायपॉड उघडला की सुरक्षारक्षक येणारच, आधी परवानगी काढा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तिकडे कॅमेरा रोखायच्या भानगडीत पडू नका.

बैल कितीही मोठा केला तरी खेळणंच वाटतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा कॅमेऱ्याची उंची. लोक बैल टेबलावर ठेवतात, उभ्यानं फोटो घेतात, त्यात बैलाची पाठ दिसते. २० मीटर उंच बैलाची पाठ मैदानात उभ्या माणसाला दिसेल कशी?

नियम असा: सपाट जमिनीवर, कॅमेऱ्याच्या उंचीएवढी प्रत्येक वस्तूवरची जागा क्षितिजाच्या रेषेवर येते. कॅमेरा १५० सेमीवर असेल तर जवळच्या माणसाला क्षितिज डोळ्यांच्या जरा खाली कापेल आणि १०० मीटरवरच्या, त्याच उंचीच्या माणसालाही तिथेच कापेल. फोटोत माणूस कुठेही ठेवा, पाय जमिनीवर आणि क्षितिज शरीराच्या त्याच जागी, एवढं जुळलं की त्याचं माप आपोआप बरोबर येतं. अंदाजानं लहानमोठं करत बसायची गरजच नाही.

आता बैल. खेळणं २० सेमी उंच, फोटोत हवं २० मीटर, म्हणजे शंभर पट. मग बाकी सगळंही शंभरानं भागायचं. मैदानात कॅमेरा १५० सेमीवर होता, तर खेळण्यासाठी दीड सेमीवर. मैदानात बैल ८० मीटर लांब हवा, तर खेळण्यापासून लेन्स ८० सेमीवर. क्षितिज बैलाच्या चाकांतून जाईल आणि उरलेला अख्खा बैल आकाशात चढलेला दिसेल. एवढं जुळलं की निम्मं काम झालं.

दीड सेमीवर मोठा कॅमेरा पोचत नाही. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते आणि जमिनीपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर बसते. कॅमेराच वापरायचा असेल तर बैल फळीवर ठेवून फळी टेबलाच्या कडेला आणा आणि कॅमेरा टेबलाच्या बाहेर, खालच्या पातळीला लावा.

दुसरी चोरी पकडली जाते ती फोकसमध्ये. ८० मीटरवरचा खरा बैल नाकापासून शेपटीपर्यंत स्पष्ट दिसला असता. ८० सेमीवर फुल फ्रेम कॅमेऱ्यात ५० मिमी, एफ/८ ला स्पष्ट पट्टा मिळतो सुमारे १२ सेमीचा; शिंगं ठळक आणि शेपटी धूसर झाली की डोळा लगेच म्हणतो, खेळणं. म्हणून फोकस नाकापासून शेपटीकडे सरकवत सहा ते आठ फ्रेम घ्या आणि फोटोशॉपमध्ये ऑटो अलाइन, मग ऑटो ब्लेंडमधला स्टॅक इमेजेस वापरून एक करा. गिंपवाल्यांनी हे काम ह्युगिन या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या साधनांनी करावं. फोनच्या लहान सेन्सरला ही अडचण कमी येते.

लाकडाचे रेषे, रंगाचे टवके मात्र पुसू नका. तो लाकडाचाच बैल आहे, फक्त २० मीटरचा.

शहरात क्षितिज इमारतींमागे झाकलेलं असतं, ते शोधायचं कसं?

जमिनीला समांतर जाणाऱ्या आणि एकमेकींना समांतर असलेल्या दोन रेषा घ्या: रस्त्याच्या दोन कडा, किंवा वर्धा रोडवर मेट्रोच्या पुलाची वरची आणि खालची कड. त्या फोटोत लांबवर वाढवत न्या. जिथे मिळतात तिथून आडवी रेषा ओढा, ते क्षितिज. चढ-उताराच्या रस्त्यावर हे फसतं. त्या थराला लाल रंग देऊन वर लॉक करून ठेवा आणि काम संपेपर्यंत काढू नका.

ऊन कसं जुळवायचं? घरात दिवा लावून चालेल का?

दिवा शक्यतो टाळा. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण समांतर येतात. जवळच्या दिव्याचे किरण फाकतात, त्यामुळे चार पायांच्या चार सावल्या चार दिशांना जातात. शिवाय दिव्याकडचा खांदा पेटलेला आणि मागचा भाग विझलेला दिसतो. खेळण्याचा फोटो गच्चीवर खऱ्या उन्हातच घ्या. त्यात आणखी एक फायदा आहे. सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचं असल्यामुळे सावलीची कड वस्तूपासून जितकी लांब तितकी मऊ होते, आणि हे प्रमाण शंभर पट मोठं केलं तरी बरोबरच राहतं.

उन्हाची उंची जुळणं महत्त्वाचं, दिशा नंतर जुळवता येते. मैदानातल्या एक मीटरच्या काठीची सावली १७३ सेमी होती तर सूर्य ३० अंशांवर होता. १०० सेमी असेल तर ४५ अंशांवर. गच्चीवर १० सेमीची पेन्सिल उभी करा आणि तिची सावली त्याच प्रमाणात येईपर्यंत थांबा. मग बैल, पेन्सिल आणि कॅमेरा ज्या फळीवर आहेत ती फळी फिरवा, पेन्सिलची सावली कॅमेऱ्याच्या दृष्टीनं मैदानातल्या काठीसारखी पडली की क्लिक. एका तासात सूर्य जवळजवळ १५ अंश सरकतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटांतच सगळ्या फ्रेम उरका.

फळीवर मैदानाच्या मातीच्या रंगाचा खाकी कागद अंथरा, किंवा मूठभर तीच माती आणून पसरा. जमिनीवरून परत उसळणारा उजेड बैलाच्या पोटाखाली पडतो. पांढऱ्या फरशीवर फोटो घेतला तर पोट उजळ आणि निळसर येतं, आणि ते नंतर कितीही काळं केलं तरी नैसर्गिक वाटत नाही.

नागपुरात यासाठी कोणते महिने चांगले?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य साधारण ४५ अंशांवरच असतो, म्हणजे सावली वस्तूएवढी लांब मिळते आणि दिवसभर काम करता येतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. इथली सौर दुपार घड्याळात सव्वाबाराच्या आसपास होते. बाराला सावली अजून थोडी तिरकी दिसली तर कंपासला दोष देऊ नका. उन्हाळ्यात काढायचेच असतील तर सकाळी आठच्या आत. फोनसुद्धा ४५ अंश तापमानात बंद पडायच्या बेताला येतो.

पहिलंच काम असेल तर ढगाळ दिवस निवडा. पोळ्याच्या दिवसांत, श्रावण-भाद्रपदात, तसं आभाळ भरपूर मिळतं. ठळक सावलीच नसते, फक्त वस्तू जमिनीला टेकते तिथली काळी रेघ द्यावी लागते. फोटो नाट्यमय होणार नाही, पण चुका निम्म्या होतील.

कटिंगला पांढरी कड राहते ती कशी काढू?

आधी ती येऊच नये असं बघा. वस्तूचा फोटो अशा पार्श्वभूमीवर घ्या जिचा उजेड अंतिम फोटोतल्या पार्श्वभूमीसारखा असेल. बैल आकाशासमोर येणार असेल तर मागे आकाशी किंवा फिकट करडा कार्ड लावा. स्टुडिओत नेहमी लागणारा हिरवा पडदा इथे त्रासच देतो, त्याचा हिरवा उजेड लाकडाच्या कडेवर चढतो.

तरी कड राहिली तर मास्क १ ते २ पिक्सेल आत ओढा आणि ०.५ ते १ पिक्सेल फेदर द्या, म्हणजे कड तेवढी मऊ करा. यापेक्षा जास्त फेदर दिला की वस्तूभोवती धुक्याचं वलय दिसतं, ते पांढऱ्या कडेपेक्षा वाईट. कडेची तीक्ष्णता मूळ फोटोत त्याच अंतरावरच्या इमारतीची कड किती तीक्ष्ण आहे ते १०० टक्के झूम करून बघून ठरवा.

झाडाच्या पानांतून आकाश दिसत असेल तर पान न् पान कापू नका. निळ्या चॅनलची (फोटोतल्या फक्त निळ्या रंगाच्या भागाची) प्रत घ्या, कर्व्ह या उजेड बदलण्याच्या साधनानं आकाश पांढरं आणि पानं काळी करा, तोच मास्क. बैलाच्या गळ्यातल्या सुताच्या माळा, झुलीच्या झालरी यांनाही हीच युक्ती.

सावली काळी केली तरी बैल तरंगतोच.

कारण सावल्या दोन लागतात. पहिली टेकण्याची: चाकं जमिनीला लागतात तिथे अगदी बारीक, ७० ते ८० टक्के गडद, २-४ पिक्सेल ब्लर. ही नसली की हत्तीसुद्धा तरंगेल. दुसरी पडछाया: मैदानावर आडवी पसरलेली, पायाशी तीक्ष्ण, डोक्याकडे मऊ होत जाणारी.

पडछाया काळ्या ब्रशनं रंगवू नका. मूळ फोटोतच कुठेतरी झाडाची सावली त्याच मातीवर पडलेली असते. तिथे आयड्रॉपरनं उन्हातली माती आणि सावलीतली माती दोन्ही मोजा. समजा उन्हात १९० आणि सावलीत ८० आकडा आला (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा), तर कर्व्ह्ज लेयर घेऊन १९० चा बिंदू ८० वर खेचा आणि मास्कमध्ये सावलीचा आकार भरा. तीन चॅनल वेगळे बघा: निळा कमी उतरतो, कारण सावलीतली जमीन निळ्या आकाशानं उजळलेली असते. असं केलं की सावलीत मातीचे खडे, गवत सगळं दिसत राहतं.

बैल २० मीटर आणि सूर्य ४५ अंशांवर, म्हणजे पडछायाही २० मीटर. तिच्यात जी माणसं, सायकली, हातगाड्या येतील त्याही सावलीत गेल्या पाहिजेत. जमीन गडद आणि तिच्यावर लख्ख उन्हातला शर्ट, ही चूक अतिशय सर्रास दिसते.

लांबची वस्तू चिकटवल्यासारखी दिसते, जवळची नाही. का?

मधली हवा द्यायची राहिली. लांबच्या वस्तूतला काळा रंग काळा राहत नाही. मूळ फोटोत तेवढ्याच अंतरावरची इमारत शोधा, तिच्या खिडकीतला सगळ्यात काळा बिंदू मोजा. तो २८ असेल तर तुमच्या वस्तूचा काळाही लेव्हल्समधल्या आउटपुटनं २८ वर उचला. हवेचा रंगही ऋतूचा असतो: मे महिन्यात धुळीमुळे मातकट पांढरा, जानेवारीच्या सकाळी करडा-निळसर, ऑगस्टमध्ये सर उघडल्यावर जवळजवळ नाहीच. अंबाझरीच्या पलीकडच्या झाडीवर हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो.

ब्लेंड मोड इतके आहेत, नेमके कोणते वापरायचे?

जोडकामाला चार पुरतात (शेवटी दाण्यासाठी तेवढा ओव्हरले लागेल), बाकीचे गंमत म्हणून फिरवून बघा. शून्य म्हणजे काळा आणि एक म्हणजे पांढरा धरला तर मल्टिप्लाय दोन्ही थरांचा गुणाकार करतो: ०.५ गुणिले ०.५ बरोबर ०.२५, म्हणजे नेहमी गडद. सावली, डाग, कागदाचा पोत यासाठी तो. स्क्रीन उलट चालतो: त्याच दोन आकड्यांचं ०.७५ होतं, म्हणून आग, धूर, काजवे, फटाके यांचा काळ्या पार्श्वभूमीवरचा फोटो स्क्रीनमध्ये टाकला की काळं आपोआप नाहीसं होतं. सॉफ्ट लाइट उजेडाचा हात फिरवण्यासाठी. कलर मोड उजेडाला धक्का न लावता रंग बदलण्यासाठी.

डबल एक्स्पोजरचं गुपितही स्क्रीनमध्येच आहे. पांढऱ्यावर काहीही स्क्रीन केलं तरी पांढरंच राहतं. माणसाचा चेहरा बाजूनं, मागे पांढरंफटक आकाश, चेहरा जवळजवळ काळा: त्यावर काटोल-कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागेचा फोटो स्क्रीनमध्ये ठेवला की बाग फक्त चेहऱ्यात उगवते. लगडलेली झाडं हवी असतील तर आंबिया बहारासाठी ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगासाठी फेब्रुवारी-मार्च.

फुटाळ्याच्या पाण्यात प्रतिबिंब द्यायला फोटो उलटा केला की झालं ना?

लांबच्या वस्तूला चालतं, जवळच्याला नाही. प्रतिबिंबात वस्तू पाण्याच्या पातळीखालून बघितल्यासारखी दिसते. समजा तलावात कागदाची नाव ठेवायची आहे. तिच्या आतला भाग वरून तुम्हाला दिसतो, पाण्यात मात्र तिची फक्त बाहेरची बाजू दिसली पाहिजे. म्हणून नावेची दुसरी फ्रेम घ्या: कॅमेरा पाण्याच्या पातळीपेक्षा जितका वर होता तितकाच खाली, नाव टेबलाच्या कडेवर. ती उलटवून लावा.

प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडं गडद ठेवा. लाटा असतील तर ते उभ्या दिशेनं ताणलं जातं, म्हणून मोशन ब्लर ९० अंशांत. तलावाचाच फोटो काळा-पांढरा करून डिस्प्लेसमेंट मॅप (उजेड-अंधारानुसार चित्र सरकवणारा नकाशा) म्हणून वापरला की कडा खऱ्या लाटांवर तुटतात. जवळच्या पाण्यात प्रतिबिंब फिकं आणि लांबच्या, तिरक्या नजरेच्या पाण्यात ठळक: हेही पाळा.

चंद्र किती मोठा ठेवायचा?

खरा ठेवायचा असेल तर मोजून. चंद्रही आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचा. सेन्सरवरचा त्याचा व्यास म्हणजे लेन्सच्या मिमीला साधारण ११० नं भागा. ५० मिमीला ०.४५ मिमी, म्हणजे ६००० पिक्सेल रुंदीच्या फुल फ्रेम फोटोत सुमारे ७५ पिक्सेल. २०० मिमीला ३०० पिक्सेल. त्याहून मोठा करायला हरकत नाही, पण मग फोटोतली ती एकच खोटी गोष्ट चंद्र असू द्या, बैल नको.

चंद्रकोरीची उजळ बाजू सूर्याकडे असते. मावळतीच्या केशरी आकाशात पौर्णिमेचा चंद्र चालत नाही, तो त्या वेळी पूर्वेला उगवत असतो. कोरीच्या अंधाऱ्या भागात चांदणी दाखवू नका. आणि युरोपातले तयार फोटो सांभाळून वापरा: आपल्या अक्षांशावर फेब्रुवारी-मार्चमधली संध्याकाळची कोर जवळजवळ आडवी, टोकं वर करून दिसते, त्यांच्याकडची बरीच उभी असते. स्वतःच काढा: आयएसओ १००, एफ/११, १/१०० सेकंद इथून सुरू करा आणि स्क्रीन मोडमध्ये बसवा.

सगळं जुळलं तरी थर वेगवेगळे जाणवतात.

तीन तपासण्या करा. सगळ्यात वर ५० टक्के करड्या रंगाचा थर कलर मोडमध्ये ठेवा. फोटो काळा-पांढरा दिसेल आणि उजेडाचा फरक असेल तो उघडा पडेल. फोटो आडवा उलटवून बघा. मग ५ ते १० टक्के झूमवर लहान करून बघा.

शेवटी दाणा, म्हणजे फोटोतला बारीक रवाळपणा. रात्रीच्या बर्डीच्या फोटोत आयएसओ ३२०० चा दाणा आणि बैल आयएसओ १०० चा गुळगुळीत, हे प्रिंटमध्ये ओरडून सांगतं. ५० टक्के करड्या थरावर ३ ते ५ टक्के एकरंगी गॉशियन नॉइज द्या, थर ओव्हरलेमध्ये, संपूर्ण फोटोवर. त्याआधी गुळगुळीत भागाला वेगळा दाणा देऊन बरोबरीला आणा.

इंटरनेटवरचा फोटो किंवा एआयनं बनवलेला बैल वापरला तर?

शोधात दिसला म्हणून फोटो फुकटचा होत नाही. भारतात छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असेल तर त्यात बदल करून पुढे द्यायची मुभा आहे का ते वाचा. एनडी (म्हणजे बदल करायला मनाई) असं लिहिलेलं असेल तर जोडकाम प्रसिद्ध करता येत नाही.

एआयच्या बैलाची अडचण साधीच आहे: क्षितिज आणि उन्हाची उंची तुमच्या मापानं नेमकी मिळत नाही, मग अर्धा दिवस जुळवण्यात जातो. तेवढ्यात गच्चीवर फोटो होतो. स्पर्धेला पाठवणार असाल तर नियम आधी वाचा. नेचर, वाइल्डलाइफ आणि फोटोजर्नलिझम विभागांत जोडकाम चालत नाही, बाकी ठिकाणीही आयोजक मूळ रॉ फाइल मागू शकतात. मूळ फायली जपून ठेवा.

कशावर हे प्रयोग करू नयेत?

धरमपेठेच्या गल्लीत बिबट्या, अंबाझरीच्या बांधावर वाघ. ताडोबा आणि पेंच इतके जवळ आहेत की असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला तर तासाभरात लोक मुलांना घरात कोंडतील. घबराट पसरली तर पोलिसांचा त्रास वेगळाच. लाकडी बैलाला कुणी खरं मानत नाही, वाघाला मानतात. तरीही प्रत्येक फोटोच्या आतच, कडेला, 'रचित छायाचित्र' असं लिहा. पोस्टमधली ओळ फॉरवर्ड होताना गळून जाते.

दीक्षाभूमी, ताजबाग, टेकडीचा गणपती, रामटेकचा गड: ही श्रद्धेची ठिकाणं आहेत, तिथे कल्पनेचे खेळ नकोत. शहरात इतर जागा भरपूर आहेत.

प्रिंटमध्ये संत्री मळकट का येतात?

पडद्यावरचा भडक नारिंगी छपाईच्या चार शाईंत बसत नाही, विशेषतः फ्लेक्सवर. फाइल देण्याआधी सॉफ्ट प्रूफ (छपाईत रंग कसे येतील ते पडद्यावर दाखवणारी सोय) चालू करून बघा आणि नारिंगीची सॅच्युरेशन आपल्या हातानं थोडी उतरवा. मशीन उतरवेल तेव्हा सालीवरचे बारकावे सपाट होतील. फोटो लॅबला एसआरजीबी या रंगपद्धतीतली, थर एक केलेली प्रत द्या, थरांची फाइल कधीच नको. १२ × १८ इंचाला ३०० पीपीआयनं (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, लांबून बघायच्या फ्लेक्सला ७२ ते १०० पीपीआय चालतं.

आकाशात पट्टे पडत असतील तर काम १६ बिटमध्ये करा आणि ८ बिटमध्ये उतरवताना आकाशावर १ ते २ टक्के नॉइज टाका. प्रिंट पडद्यापेक्षा काळी येते कारण पडद्याचा ब्राइटनेस पूर्ण वर असतो. तो उतरवून पांढरा कागद आणि पांढरा पडदा शेजारी सारखे दिसतील इतका करा, आधी ४ × ६ ची एक प्रिंट काढा, सावल्या बघा, मगच मोठ्या कागदाचे पैसे भरा.